अंबरपेठचे अळणी दिवस

मे महिन्यात हैदराबादला हौसेनं कोणी जात नाही. माणसं जातात ती लग्नाला नाहीतर मयताला, आणि लग्नात निदान पन्हं मिळतं. मी निघालो होतो थोरल्या भावासाठी, अण्णासाठी. तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात पंख्याखाली वाचत पडलो होतो. त्या उन्हात कोणाला माझी वाट पाहत थांबणं शक्य नव्हतं, तेव्हा माझ्याशिवायच सगळं झालं. तिकीट मिळून पोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला.

नामपल्लीला उतरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. फलाटावरची कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडली होती. त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं, पण मी बाहेर जाऊन भर उन्हात रिक्षा शोधत उभा राहिलो. रिक्षावाल्यानं डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला होता. त्यानं माझ्या टकलाकडे पाहिलं.

"टोपी?"

"नहीं."

"छत्री?"

"नहीं."

त्यानं माझी पिशवी उचलून वजन अजमावलं. "किताबां हैं क्या इसमें?"

"हां."

"किताबां लाए, टोपी नक्को बोले." त्यानं खिशातून एक छोटा कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. खिशात कांदा असला की वडदेब्बा (तेलुगूत ऊन लागणं) होत नाही, अशी इथली श्रद्धा. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कांदा मी खिशात ठेवला.

अंबरपेठेत अण्णाचं घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे गच्चीच्या बरोबर खाली. दुपारी छताला हात लावला तर चटका बसावा. दोन्ही खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, कूलर घरघरत होता, आणि त्याच्यासमोर वहिनी बसल्या होत्या. मला पाहून त्या रडल्या, मीही रडलो. मग त्या म्हणाल्या, "भावजी, आधी पाय धुवा. रडायला दिवस पडलाय."

अण्णाचा मुलगा नंदू आतून आला. वय बेचाळीस, नोकरी संगणकाची, मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो. डोक्याचा गोटा केलेला, पाय अनवाणी. अण्णा गेला त्या दुपारी नंदू ऑफिसात मीटिंगमध्ये होता आणि फोन गप्प करून ठेवलेला. वहिनींचे फोन त्यानं दोन तासांनी पाहिले. हे त्यानं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, आणि पुढच्या चार दिवसांत आणखी तीनदा.

त्याचं प्रायश्चित्त तो जोरात घेत होता. गुरुजींनी पाच नियम सांगितले असतील तर नंदू सात पाळत होता. एकवेळ जेवण, जमिनीवर झोप, पायात चप्पल नाही, डोक्यावर छत्री नाही. शिवाय आमच्या घराण्याची जुनी चाल अशी, की सुतकाचे दहा दिवस घरात सगळ्यांनीच अळणी जेवायचं. भाताला मीठ नाही, वरणाला नाही, ताकाला नाही. ही चाल ज्या पूर्वजानं काढली तो बहुधा थंडीत वारला असावा.

पहिल्या जेवणानंतर मला कळलं की दुःख आणि अळणी वरण या दोन्ही गोष्टी मला एकदम झेपणार नाहीत. ऊन उतरल्यावर मी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात शिरलो. चहा आणि उस्मानिया बिस्किटं (इथली प्रसिद्ध, गोड आणि खारट एकाच घासात) घेतली. हॉटेलवाल्यानं विचारलं, "और होना?" मी खारे दाणेही मागवले. भावाच्या सुतकात मी चोरून मीठ खात होतो आणि ते फार छान लागत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला न विचारताच दाणे आणू लागला.

इकडे नंदू सुकत चालला होता. सुतकाच्या सहाव्या दिवशी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. सातव्या दिवशी डोकं दुखत होतं, आणि एरवी मवाळ असलेला मुलगा कूलरवर खेकसला. पाणी तो तांब्यामागून तांब्या पीत होता, पण घामाबरोबर अंगातलं मीठ जात होतं आणि नुसत्या पाण्यानं ते परत येत नव्हतं. वर्तमानपत्रात रोज चौकट यायची: बारा ते तीन बाहेर पडू नका, डोकं झाका, मीठ-साखर-पाणी घ्या. मी ती त्याला वाचून दाखवली.

"मीठ आहे त्यात, काका."

"औषध म्हणून घे."

"दहाव्यानंतर घेईन. आय ॲम फाइन."

आता घरातला वडीलधारा पुरुष मीच होतो. 'नंदू, पुरे' एवढं मी म्हणायला हवं होतं. पण चोरून दाणे खाणाऱ्याला तसा आवाज फुटत नाही. मी पुस्तक उघडून बसलो.

आठव्या दिवशी दहाव्याचं सामान आणायला आम्ही दोघं बेगम बाजारात गेलो. काळे तीळ, पत्रावळी, तांब्याची भांडी. सकाळी निघायचं ठरलं होतं, निघता निघता बारा वाजले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली, पुढं चालत. मिरच्यांच्या पोत्यांमधून वाट काढताना सगळा बाजार शिंकत होता. नंदू अनवाणी, सावलीच्या तुकड्यावरून तुकड्यावर उड्या मारत चालला होता. मग त्यानं उड्या मारणं सोडलं आणि सरळ उन्हातून चालू लागला. मला वाटलं, सवय झाली. एका किराणा दुकानाशी तो थांबला, "काका, आपण काय घ्यायला आलो?" म्हणाला, आणि पायरीवर खाली बसला तो आडवाच झाला.

दुकानाचा शेठ गल्ल्यावरून उठायला तयार होणारा माणूस दिसत नव्हता. पण तो सर्वांच्या आधी पोचला. "वडदेब्बा है. अंदर लेओ. शर्ट निकालो." आम्ही नंदूला पोत्यांमागे सावलीत ओढलं. शेठनं स्वतःचा पंखा त्याच्याकडे वळवला, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, आणि हमालाला रिक्षा आत आणायला पिटाळलं. थोड्या वेळानं नंदूनं डोळे उघडले, मला ओळखलं. शेठनं ग्लासात मीठ-साखर कालवून पुढं केलं.

"थोडा थोडा पिओ."

नंदूनं तोंड फिरवलं. "मीठ चालत नाही."

"कायकू नहीं चलता?" शेठनं मला विचारलं.

"बाप मर गया इनका. दस दिन नहीं खाते."

"दस दिन के बाद खाने को रहना भी पड़ता ना, साब."

मी नंदूशेजारी पोत्यांत टेकलो.

"नंदू, मी चार दिवस मीठ खातोय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"इराणी हॉटेलात. बिस्किटं. खारे दाणेसुद्धा."

"रोज?"

"रोज. काल दोन प्लेट."

"बाबांच्या सुतकात?"

"हो. आणि तुझ्याआधी त्याला मी ओळखत होतो. तो रागावला असता तर दाण्यांची दुसरी प्लेट मागवली म्हणून नव्हे, त्याला न देता खाल्ली म्हणून."

नंदूच्या चेहऱ्यावर हसू आलं की रडू, ते त्यालाही ठरवता आलं नसावं. मी ग्लास त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला, घोट घोट, सगळा.

दवाखान्यात त्याला सलाइन लावलं. वहिनी धावत आल्या. डॉक्टरीण म्हणाली, आणखी तासभर उन्हात राहिले असते तर वेगळंच बोलावं लागलं असतं. ती गेल्यावर मी वहिनींसमोरही कबुली दिली.

"ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "रोज शर्टावर चुरा घेऊन येत होतात. आणि मी काय अळणी जेवत होते? स्वयंपाकघर माझ्याच ताब्यात आहे, भावजी."

"मग याला का नाही सांगितलंत?"

वहिनी सलाइनच्या थेंबांकडे बघत म्हणाल्या, "बापासाठी काहीतरी कठीण करायचं होतं त्याला. कसं हिसकावून घेऊ? वाटलं, दहा तर दिवस." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चुकलंच माझं."

दहावा आम्ही मुशी नदीच्या काठी सूर्य वर यायच्या आत उरकला. नंदूच्या पायात चप्पल होती आणि त्याच्या डोक्यावर छत्री मी धरली होती. गुरुजींनी दोन्हींकडे पाहिलं आणि मंत्र सुरू केले. त्यांच्या स्वतःच्या पोथीवर थंड पाण्याची बाटली ठेवलेली होती.

तेराव्यानंतर नंदू मला सोडायला नामपल्लीला आला. त्यानं माझ्यासाठी टोपी आणली होती. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी उभा राहून त्यानं विचारलं, "काका, आठव्या दिवशी मोडलं ना मी. बाबांना पोचलं असेल का सगळं?"

पुस्तकातलं एखादं वाक्य फेकता आलं असतं, पण खोटं बोलायची हौस आता संपली होती.

"मला माहीत नाही, नंदू."

त्यानं मान हलवली. ऊन चढत होतं. मी त्याला म्हटलं, गाडी सुटेपर्यंत थांबू नकोस, सावलीत जा. तो गेला. फलाटावरच्या पुलाच्या सावलीत जाऊन उभा राहिला आणि तिथून हात हलवत राहिला. दिवसभराच्या प्रवासात अण्णासाठी मी बरंच रडलो. पण तो मुलगा सांगितल्याबरोबर सावलीत गेला, एवढं अण्णाला कळवता आलं असतं तर बरं झालं असतं.