अब्बांनी शिकवलेला नमाज

सासूबद्दल चार शब्द बरे बोल, असं लोक मला अजून सांगतात. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणे. मग जिवंतपणी तिनं माझ्या बापाकडून जे वदवून घेतलं, त्याचं काय? मी बोलणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं उठून जावं.

आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचं तोंडही आठवत नाही. नळदुर्गला हायवेच्या कडेला सोसायटीचं गोदाम होतं, अब्बा तिथं वॉचमन होते. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. माझी वेणी तेच घालायचे, भाकरी तेच थापायचे आणि नमाजही त्यांनीच शिकवला. गोदामाच्या मागं खताची रिकामी पोती झटकून अंथरायची, एक त्यांचं, एक माझं. ते करतील तसं मी करायचं. पाय जरा फाकवून ताठ उभं राहायचं, हात बेंबीखाली बांधायचे, वाकलं की पाठ फळीसारखी सपाट झाली पाहिजे. सजद्यात कपाळ टेकलं की कोपरं अंगापासून लांब, पोट मांड्यांपासून वर. बसताना उजवं पाऊल उभं. पलीकडं ट्रक घरघरत असायचे, आणि आम्ही बापलेक आपले जोडीनं उठत-बसत असायचो. मला ते लई आवडायचं. बायकांची नमाजाची रीत वेगळी असते हे मला कुठून कळणार? घरात दुसरी बाईच नव्हती.

लग्न होऊन भूमला आले. नवरा दूध संघाच्या डेअरीत कॅन उतरवायचा आणि घरी आला की मिठाची गुळणी धरून बसायचा. सासू गल्लीतल्या पोरींना कुराण पढवायची. दीनधर्माचं काहीही निघालं की गल्लीत तिचाच शब्द शेवटचा. मी नवी नवरी, स्वयंपाकघरात कणगीच्या आडोशाला नमाज पढायचे, त्यामुळं सुरुवातीला कुणाला काही दिसलं नाही.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. मोठ्या दुष्काळाची धास्ती लोकांच्या अंगातून अजून गेली नव्हती. पुरुष पावसासाठी नमाज पढायला गावाबाहेरच्या माळावर गेले आणि बाया आमच्या घरी जमल्या. ओसरीवर सतरंज्या टाकल्या, सगळ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. बायकांच्या रांगेत मी पहिल्यांदाच उभी होते. नमाजात नजर खाली ठेवायची असते, म्हणून इतर बाया काय करतात ते मी पाहिलं नाही. सजद्यात गेले आणि माझं कोपर शेजारणीच्या बरगडीत बसलं. "अगं अम्मा गं!" म्हणून ती नमाजातच ओरडली.

नमाज संपल्यावर सासूनं मला पुढं बोलावलं. "पढून दाखव गं, दुल्हन. सगळ्यांना बघू दे." मला वाटलं, कौतुकानं सांगतेय. खोटं कशाला बोलू, मी फुशारकीनं पढून दाखवला. बाया तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या.

"हा तर मर्दाचा नमाज!" सासू म्हणाली. "बाईनं हात छातीवर बांधायचे. सजद्यात अंग सगळं गोळा करायचं, पोट मांडीला, हात जमिनीला. बसताना दोन्ही पाय उजवीकडं काढायचे. तुझ्या बापानं तुला हेच शिकवलं व्हय?"

"हेच शिकवलं," मी म्हणाले. मला तेव्हाही लाज वाटली नाही.

पाऊस काही आला नाही. मग हापशावर बायांची कुजबुज सुरू झाली. म्हणे, पढवणारीच्याच सुनेनं नमाज नासवला, आता कुठला पाऊस? बघा म्हणजे! आभाळ आटलं ते माझ्या कोपरामुळं. नशीब, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं तेही माझ्या माथी मारलं नाही. पण सासूच्या जिव्हारी लागलं ते. गल्लीतल्या पोरींना पढवायचं आणि घरातली सून अशी, म्हणून तिचं नाक कापलं गेलं होतं. तिनं मला नीट दाखवलं असतं तर मी एका दुपारी शिकले असते. पण तिला मला शिकवायचं नव्हतंच. तिला माझ्या बापाला वाकवायचं होतं.

"तुझ्या बापानं इथं यावं आणि या बायांसमोर कबूल करावं की पोरीला चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "न्हायतर जा नळदुर्गला आणि तिथंच पढत बस." मी नवऱ्याकडं पाहिलं. त्याची मिठाची गुळणी होतीच.

निरोप गेला आणि अब्बा एसटीनं आले. सासूनं चार शेजारणी बोलावून ठेवल्या होत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, अब्बा, सोडू नका हिला. घरात आई नव्हती, हे तोंडावर सांगा हिच्या.

अब्बांनी टोपी सारखी केली आणि खाली बघून म्हणाले, "चुकलं माझं, बहेन. मला येत होतं तेवढं शिकवलं. पोरीचा काही कसूर न्हाय."

"मोठ्यानं बोला, भाईजान," सासू म्हणाली. "ह्या आमच्या शेजारणीला कमी ऐकू येतं."

अब्बा पुन्हा बोलले. मोठ्यानं बोलले. त्या बाईचं तोंड मी त्या दिवशी फोडलं नाही, ही माझी मेहरबानी.

स्टँडवर सोडायला मी एकटीच गेले. स्टँडवर पोचले आणि अब्बांवर जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. "तुम्ही माफी कशापायी मागितलीत? माणसाला ठाऊक नसतं एखादी गोष्ट. तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यात गुन्हा कसला?"

अब्बांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "ठाऊक होतं, बेटा."

"म्हणजे?" मी म्हणाले.

"गोदामाजवळच्या चहावाल्याची बायको म्हणायची, पाठवा पोरीला, मी शिकवते. म्या न्हाय पाठवलं. तू बाजूला उभी राहून हुबेहूब माझ्यासारखं करायचीस. ते मोडवंना मला."

"मग हे तिथं का नाही सांगितलंत?" मला रडू फुटलं होतं आणि रागही आवरत नव्हता.

"सांगितलं असतं आणि एसटीत बसून गेलो असतो मी. तुला इथंच राहायचंय."

गाडी लागली. ते चढले, खिडकीतून हात केला आणि गेले.

घरी आले तर दिवस मावळून मगरिबच्या नमाजाची वेळ झाली होती. सासूनं दोन मुसल्ले शेजारी-शेजारी अंथरून ठेवले होते. मी हातपाय धुऊन वजू केला. हात छातीवर बांधले, सजद्यात अंग गोळा केलं, कोपरं जमिनीला लावली. ती तिरक्या नजरेनं बघत होती, ते मला कळत होतं. नमाजाच्या शेवटी आधी उजवीकडं आणि मग डावीकडं तोंड फिरवून सलाम म्हणतात. त्या बाजूला जो कुणी असेल त्याच्यावर सलामती मागायची असते. माझ्या उजव्या हाताला भिंत होती आणि डाव्या हाताला ती. माझ्या बापाला दोनदा बोलायला लावणारी. सलामाशिवाय नमाज पुरा होत नाही, म्हणून तोंडानं मागितली. पोटातून तिच्यासाठी सलामती तेव्हा निघाली नाही, आणि आता ती मरून गेली तरी निघत नाही.