सत्तावीस नंबरचा डबा

हंसाबेनचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार शिकवत होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हे शाळेत सगळ्यांना मीच ऐकवत असते, म्हणून दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून एवढंच आलं, "बेन, जल्दी आवो... बा बोलता नथी." हंसाबेन म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंना रोज दुपारचा डबा आणून देणारी बाई. जाऊबाई बोलत नाहीत, ही गोष्ट मला खरीच वाटेना. त्यांच्या तोंडाला कुलूप आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "रुसल्या असतील," असं मी म्हणाले, आणि फळ्यावरचं उदाहरण पुरं करून, मुलांना उतरवून घ्यायला सांगून मग निघाले. मी पोचले तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तिथे त्या दोन दिवस होत्या आणि त्या दोन दिवसांत डोळे उघडले नाहीत.

त्यांचं नाव विमल, पण सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणायची. धुळ्याकडच्या गावातून लग्न होऊन त्या सुरतेत आल्या त्या थेट बमरोलीच्या एका खोलीत. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, कापडाच्या लूमवर कारागीर होते. दोन पाळ्यांतली माणसं एकाच खोलीत झोपायची आणि जिजी सगळ्यांना पाळीप्रमाणे वाढायच्या. मी त्या घरात आले ती डी.एड. होऊन, नाकावर माशी न बसू देणारी. मला चूल पेटवता येत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्यांना वाचता येत नाही हे मला. त्यावरून आम्ही एकमेकींना जन्मभर टोचलं. त्या मला मास्तरीण म्हणायच्या. पुढे दोन घरं झाली, पण भिंत एकच राहिली, आणि माझ्या पोळ्या करपल्या की पलीकडून खोकला यायचा. आमचं पटायचं असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर वरचढ मीच असायचे, आणि त्या ते चालवून घ्यायच्या.

साखरेचा आजार त्यांना काही वर्षं होता. होळीच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आहारावर संशोधन करणारी मंडळी आली. साखर असलेल्या माणसांनी काही महिने त्यांनी दिलेलंच जेवण जेवायचं. ज्वारी, नागली, कडधान्य, मोजकं तेल. रोज डबा घरी येणार, रोज काय खाल्लं ते वहीत लिहायचं, महिन्याला रक्त द्यायचं आणि त्यावरून डॉक्टर गोळ्या ठरवणार. डॉक्टर तरुण होता, गुजराती, बोलायला गोड. शिकलेली म्हणून तो सगळं मलाच समजावत होता, आणि ते मला फार आवडलं. जिजींचं नाव मी सुचवलं. त्या मात्र संकोचल्या होत्या. "मन्ह खाणं लोकेसना काय कामनं?" असं त्यांनी विचारलं. मी डॉक्टरला सांगितलं, त्या विचारतात माझ्या खाण्याचा लोकांना काय उपयोग. तो हसून म्हणाला, "बा, तमे खाशो तो बीजानुं भलुं थशे." तुम्ही खाल तर दुसऱ्याचं भलं होईल... आयुष्य दुसऱ्याला वाढण्यात गेलेल्या बाईला हे कोणी पहिल्यांदाच सांगत होतं. त्यांचा चेहरा उजळला.

कागद गुजरातीत होते. मी ते वाचून दाखवले, म्हणजे पहिलं पान वाचलं. "पुढचं नेहमीचंच असतं, लावा अंगठा," असं म्हणून पानं उलटली. त्यात एक परिच्छेद होता. हात थरथर कापले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खा आणि आम्हाला फोन करा, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टरने तो तोंडीही सांगितला आणि म्हणाला, बांना नीट समजावा. मी घरी येऊन जिजींना समजावलं ते असं: "आता साखरेला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे." मला वाटलं, त्यांच्यासारख्या बाईला दोन्ही गोष्टी सांगितल्या तर गोंधळ होईल. एकच सांगावी, आणि ती ठाम.

दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. स्टीलचा, दोन खणांचा, झाकणावर तांबड्या रंगात सत्तावीस. जिजी संशोधनात सत्तावीस नंबर होत्या. आपण सत्तावीस आहोत हे त्या भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या. आजचा भरलेला डबा ठेवून कालचा धुतलेला घेऊन जायचा, अशी हंसाबेनची पद्धत. पहिल्याच आठवड्यात तिने झाकण उघडून पाहिलं तर आत चिमूटभर साखर. तिला वाटलं, धुताना राहिली. रोजच निघायला लागली तेव्हा तिने मला विचारलं. मी जिजींना झापलं. "रिकामं भांडं का कोणी परत देस?" त्या म्हणाल्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मी म्हटलं, अहो, साखरेच्या आजाराचं संशोधन आणि तुम्ही डब्यात साखर पाठवता! हसून हसून माझ्या पोटात दुखलं. शाळेतही मी तो किस्सा रंगवून सांगितला. त्या म्हणाल्या, साखर मी खात नाही ना, देते. देण्याची साखर खाण्याची नसते. हंसाबेन मात्र दारातच ती चिमूट तोंडात टाकायची आणि म्हणायची, "बा, तमारो परसाद."

वही मी लिहायचे. रोज लिहायची होती, पण मी रविवारी बसून सात दिवसांचं एकदम लिहायचे. जिजी भिंतीला टेकून सांगायच्या, "लिखी टाक, समदं खादं." मी लिहायचे, पूर्ण खाल्ले. पूर्ण खाल्ले. पूर्ण खाल्ले. अक्षर माझं मोत्यासारखं, समास आखलेला. पहिले काही महिने ते खरंही होतं. जिजींची साखर उतरली, पायांची आग कमी झाली, आणि डॉक्टरने सगळ्यांसमोर टाळी वाजवली.

मग श्रावण आला आणि आमची देवी कानबाई आली. खानदेशी माणूस सुरतेत राहो नाहीतर आणखी कुठे, कानबाईला चुकत नाही. घरातल्या पुरुषांच्या नावाने माणशी सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, त्यांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे, बरोबर पुरण, खीर. हा रोट घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. बायकांच्या नावाची मूठ नसते. त्यांनी रोट करायचे आणि उरतील ते संपवायचे. जिजींचे दोन मुलगे पुण्याला, माझा एक बंगळूरला. तिघेही येणार नव्हते, पण तिघांच्याही मुठी पडल्या. मी म्हटलं, नसलेल्यांचं कशाला? "तो तठे, त्याना रोट आठे," जिजी म्हणाल्या. मुलगा तिकडे असला तरी त्याचा रोट इथलाच. दादा एक रोट खाऊन उठले, माझ्या यजमानांना आम्लपित्त, माझी शाळा. राहिलेलं सगळं जिजींनी खाल्लं. सकाळ-संध्याकाळ, तूप लावून, मुलांची नावं घेऊन. आणि संशोधनाचा डबा? तो दादा खायचे, कारण अन्न टाकायचं नाही. रविवारी मी वही उघडून विचारलं, "रोट लिहू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवीचं नाव शिवीत घातलं होतं. "येडी का? रोटनं बाहेर सांगतस का? लिखी टाक, समदं खादं." रोट घराबाहेर जात नाही, तर त्याचं नाव तरी वहीतून बाहेर कसं जाऊ द्यायचं! मला ते कळत होतं. मी त्याच घरची सून. मी हसले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, पूर्ण खाल्ले.

पुढच्या तपासणीला साखर भलतीच चढलेली. डॉक्टरने वही चाळली, कपाळाला आठ्या घातल्या. "बा, बीजुं कंई खाधुं हतुं?" दुसरं काही खाल्लं होतं का? जिजींनी मान हलवली, नाही. मग त्याने मला विचारलं. मी शिक्षिका, रोज मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी. त्याच्यासमोर आमची बाई देवाचे रोट खात बसली होती हे सांगायची मला लाज वाटली. गावंढळ वाटू, एवढंच माझ्या मनात होतं. मी म्हटलं, "वहीत आहे ते सगळं." तो म्हणाला, जेवण इतकं काटेकोर असून साखर चढते, म्हणजे गोळी कमी पडते. त्याने गोळी वाढवली.

रोट तर संपले होते. घरी येताना रिक्षात मी जिजींना सोडलं नाही. तुमच्यामुळे माझी मान खाली गेली, तुमच्यामुळे त्यांचं सगळं काम नासेल... असं बरंच काही. त्या बाहेर मिलच्या भिंती पाहत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "आते मी कमी खासू. डॉक्टरनं काम बिघडाले नको." त्या दिवसापासून वाढवलेली गोळी घ्यायच्या आणि डबा अर्धाच खायच्या. सकाळी बिनसाखरेचा चहा, बस्स. रविवारी माझी वही तशीच, पूर्ण खाल्ले. एकदा भांडी घासताना पलीकडून म्हणाल्या, "मास्तरीण, मन्हा हात कापतस." मी पेपर तपासत होते. मी म्हटलं, "वय झालं, कापणारच." असं मी म्हणाले, हे आज लिहितानासुद्धा माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमारास हंसाबेन आली तेव्हा जिजी उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंग घामाने निथळत होतं. कालचा डबा धुऊन मांडीवर घेतलेला, दोन्ही हात झाकणावर. हंसाबेनने ते हात सोडवून डबा बाजूला ठेवला आणि मग आरडाओरडा केला. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, साखर इतकी खाली गेली होती की मेंदूला पोचलीच नाही. हात कापायला लागले तेव्हाच चमचाभर साखर खाल्ली असती तर इथे यायची वेळ आली नसती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं का? अंत्यविधी करून परतलो तेव्हा डबा अजून उंबऱ्याशीच होता. झाकण बाजूला केलं. साखर आत होती, थोडी ओली झालेली, आणि मुंग्यांची रांग लागली होती.

पंधरवड्याने मला वही जमा करायला बोलावलं. डॉक्टर खाली मान घालून बसला होता, त्याचाही चेहरा उतरलेला. पानं उलटत तो म्हणाला, इतकी चोख वही आमच्याकडे एकाही स्वयंसेवकाची नाही. बांचं नाव नाही छापता येणार, पण त्यांचं खाणं पुढे कितीतरी लोकांच्या उपयोगी पडेल. मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. जिजींच्या आयुष्यातली ती एकच हौस होती, ती तरी पुरी झाली असती. पण तो स्वतःला दोष देत होता, माझं जेवणाचं गणित कुठे चुकलं म्हणत होता, आणि याच गणितावर उद्या दुसऱ्या कुणाची गोळी ठरणार होती. मी सगळं सांगितलं. रोट, अर्धा डबा, रविवारचं अक्षर. त्याने वही मिटली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर गोळी वाढवलीच नसती," तो हिंदीत म्हणाला. मग म्हणाला, आता सत्तावीस नंबरचं काहीच धरता येणार नाही, पहिल्या दिवसापासून. मन्ह खाणं लोकेसना काय कामनं, असं विचारलं होतं त्यांनी. त्याचं उत्तर मी स्वतःच्या तोंडाने देऊन आले. दादांनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तिच्या नावाचा तर एकही रोट नव्हता."

डबा मी परत द्यायला नेला होता. तिथल्या बाईंनी यादी पाहिली, सत्तावीसवर रेघ होती. राहू द्या तुमच्याकडेच, म्हणाल्या. आता तो माझ्या ओट्यावर असतो. रोज सकाळी मी तो घासते, पुसते, शाळेत जाण्याआधी झाकण लावायला घेते. साखरेची बरणी शेजारीच आहे. चिमूटभर टाकावी म्हणून हात तिकडे जातो, आणि माझाच आवाज ऐकू येतो, साखरेला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे... मी हात मागे घेते. झाकण लावते. डबा रिकामाच राहतो.