कानाशेजारचा घाव

थिनरचा वास आला की माझा हात आजही आपोआप कानाकडे जातो.

परभणीतल्या इंटिरियर कंपनीत तेव्हा मी डिझायनर म्हणून नुकताच मिरवायला लागलो होतो. मानवतच्या एका घरी, कोनाड्याचा पडदा सरकवून न बघताच मी त्यावर गुळगुळीत पॅनल ठोकून घेतलं. घरमालक दत्तराव खांद्यावर कुऱ्हाड टाकून शेतातून परतले, तेव्हा मी ओल्या पॉलिशकडे कौतुकानं बघत उभा.

"आत देव हायेत माझे! जित्ते गाडायलास का रं?"

गचांडी धरून त्यांनी मला पॅनलवर आपटलं आणि कुऱ्हाड उगारली. घाव कानाशेजारी पॅनलात बसला. मी किंचाळत खाली कोसळलो, तरी घाव चालूच; चिरफळ्या तोंडावर.

तेव्हा वाटलं, नेम चुकला म्हणून वाचलो. पण फुटलेल्या पॅनलमागं देवांवर साधा ओरखडाही नव्हता. अशा माणसाचा नेम माझ्याच कानाशी चुकेल होय?