तलावाकाठची थंड गच्ची

नागपूर इतकं का तापतं, यावर मी पीएचडी करत होते. माझे मार्गदर्शक सर या विषयातले मोठे जाणकार. मे महिन्यात केबिनमधला एसी ते असा लावत की त्यांना शाल पांघरावी लागे. ती वीज खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून होते, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कोणी त्यावर बोलत नसे.

ऊन माझ्या वाट्याला. शहरातल्या गच्च्यांवर मी तापमान नोंदवणारी लहान यंत्रं बसवली. नोंदी मोबाइलवर यायच्या. ऐन मेमध्ये सगळ्या गच्च्या भाजून निघत असताना तलावाकाठची एक गच्ची अचानक महाबळेश्वर झाली. सर हरखले. तलावामुळे वस्ती थंड राहते, असा निष्कर्ष त्यांनी तिथल्या तिथे काढला. मी म्हटलं, तलाव तर एप्रिलमध्येही होता, तेव्हा गच्ची तापतच होती. त्यावर, विज्ञानाला धाडस लागतं, असं ते म्हणाले. पुढच्या परिसंवादात त्यांनी ते धाडस केलं. टाळ्या पडल्या.

मग यंत्राची बॅटरी बदलायला मी त्या घरी गेले. गच्चीवर यंत्रच नव्हतं. घरात एकट्या राहणाऱ्या काकू मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. कूलरसमोर, स्टुलावर, यंत्र गार वारा खात बसलं होतं.

"बिचारं दिवसभर उन्हात तापून राहिलं होतं वं," काकू म्हणाल्या. "बिघडलं असतं तर तुलेच बोलले असते ना तुझे सर?"

यंत्राला तापवायचंच आहे, हे समजावता समजावता माझे दोन ग्लास पन्हं पिऊन झाले. काकूंनी नाइलाजाने ते परत वर नेऊ दिलं.

सरांना सगळं सांगितलं. शाल सावरत ते म्हणाले, "तुझ्या प्रबंधातून ती गच्ची काढून टाक. माझं व्याख्यान मात्र वेगळं आहे."

मी गच्ची काढली. सरांनी प्रबंध न वाचताच सही केली आणि मी डॉक्टर झाले. व्याख्यान अजून गावोगाव चालू आहे. त्यातला तलावाचा फोटो खरंच सुंदर आहे. जलपर्णीमुळे पाणी अगदी हिरवंगार दिसतं.