मी वाकडी केलेली चाल

चाल मी बदलली होती. मुद्दाम. एवढं लिहायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते अंबडला एका कारखान्यात प्रेस मशिनवर होते आणि वस्तीतल्या गायन पार्टीची गाणी रचायचे. लोकांच्या कानात बसलेली चाल घ्यायची, तीवर आपले शब्द घालायचे आणि जयंतीच्या स्टेजवर म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. चाल ओळखीची, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं सगळ्या मंडपाचं होऊन जायचं. मात्र कुठली चाल घेतली ते स्टेजवर चढेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर पलीकडची पार्टी उचलायची.

त्या वर्षी दादांना टीव्हीवर नुकत्याच लागलेल्या एका मालिकेचं शीर्षकगीत हवं होतं. मालिका रविवारी सकाळी. कारखान्याची सुट्टी शनिवारी. टीव्ही तर आमच्या अख्ख्या ओळीत नव्हता. म्हणून समोरच्या कॉलनीतल्या काकूंच्या दारात बसून चाल ऐकायची आणि संध्याकाळी दादांना म्हणून दाखवायची, हे काम माझ्याकडे. मी बारा वर्षांची, गळा बरा होता.

पहिल्या रविवारी पहिली ओळ आणली. दुसऱ्या रविवारी काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आली बघा! विरजण न्यायला यावं तशी चाल न्यायला येते. अगं, गेल्या वर्षीचं ऐकलं हो आम्ही तुमच्या भोंग्यावर. वडिलांना म्हणावं, एखादी स्वतःची करा की. आयत्या चालीवर शब्द बसवायला काय लागतं?"

सगळे हसले. मीही हसले.

परत येताना ठरवलं, पुढची चाल ओळखूच येऊ द्यायची नाही. दुसरी ओळ जिथे वर चढायची, तिथे मी ती खाली उतरवली. दादांनी डोळे मिटून ऐकली, तीनदा म्हणवून घेतली आणि तीवर चार कडवी लिहिली.

जयंतीला पहिल्या ओळीला टाळ्या पडल्या. दुसरीला मंडप गप्प. मग मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, गाडी भलत्याच फाट्याला लागली!" हशा पिकला. दादांनी ढोलकीवाल्याला हाताने थांबवलं. "बरोबर तिथेच लागली," ते माईकवर म्हणाले. "टीव्हीवाल्यांना जाऊन सांगा, त्यांची चुकली!" आणि चारही कडवी माझ्या वाकड्या चालीवर, मान ताठ ठेवून म्हटली.

घरी आल्यावर मात्र त्यांनी मला जवळ बसवलं. "बाई, तू ऐकली तशीच सांगितलीस ना?"

"हो."

"मग मीच चुकीची धरली." कानाची पाळी चोळत ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "प्रेसने कान खाल्ले माझे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी गाण्यांची वही पार्टीतल्या दुसऱ्या माणसाला देऊन टाकली. त्यानंतर एकही गाणं रचलं नाही. अजून सोळा वर्षं जगले. मी रोज सांगू शकत होते.

काकूंबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे: शब्द बसवायला काय लागतं, ते त्यांना कधीच कळलं नसतं. दहा तास मशिनवर उभा राहिलेला माणूस घरी येऊन मात्रा मोजत बसायचा. चाल आयती होती, गाणं नव्हतं. ज्यांच्या घरात टीव्ही होता त्यांनी ती चाल नुसती ऐकली. आम्ही तिला कामाला लावलं. ह्यात लाज वाटण्यासारखं काहीही नव्हतं. लाज मला वाटली, आणि तिची किंमत दादांनी दिली.

यंदा भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आता कशाला उकरतेस? दादा तर गेले."

"गेले, पण तू अजून लोकांना सांगतोस ना, त्यांचे कान गेले होते म्हणून?"

मग जयंतीला स्टेजवर गाणाऱ्यांची नावं पुकारत होते तिथे मी न विचारता माईक हातात घेतला. मंडळाचा अध्यक्ष खुणा करत राहिला, मी थांबले नाही. सांगितलं, ऐका सगळ्यांनी: माझ्या वडिलांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. खोटं मी बोलले.