नवव्या मजल्यावरचा सुका बांगडा

दुपारी पाहुण्यांची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, की मी आणि शेजारच्या टीचर आमच्या पडवीत टीव्हीसमोर बसतो. समुद्रकाठच्या तोंडवली गावात पर्यटकांना द्यायच्या आमच्या दोन खोल्या आहेत. टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. रविवारी चर्चला जातात आणि बाकीचे सहा दिवस माझ्याबरोबर खुनाचे पिक्चर बघतात. त्यातही आमची आवड ठरलेली. मोठं शहर, उंच इमारत, फ्लॅटमध्ये एकटी बाई आणि समोरच्या दाराआड कोणीतरी. रक्त फारसं नको. कोणाच्या डोक्यात काय शिजतंय ते कळेपर्यंत आपला जीव मात्र टांगणीला लागला पाहिजे.

पिक्चर एक, पण घरात मतं तीन. माझं म्हणणं, दोष त्या फ्लॅटचाच. दारं लावून लावून माणसं आतल्या आत आंबतात. टीचरांना ते पटत नसे. "भिया दारात नसता गो, मनात आसता. ती कोणाक सांगणा नाय, म्हणान वाढता." आमचे हे कधी बसून बघत नसत, पण येता-जाता तोंड घातल्याशिवाय राहत नसत. "ह्या बायेक एक शेजारीण नाय? खळ्यात येवन हाक मारूक कोण नाय? मेल्या पिक्चरवाल्यांका अक्कल नाय!" नेमक्या रंगात आलेल्या जागी हे असं. आम्ही दोघी त्यांना हाकलून द्यायचो.

करमणूक होती तोवर ठीक होतं. मग मुलीला पुण्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ओळखीतून स्वस्तात फ्लॅटही मिळाला. नववा मजला, ही एकटी, समोर एकच दार. असे किती पिक्चर बघितले होते मी! सुरुवात अशीच होते, आनंदात सामान लावताना. मी सरळ नाही म्हटलं. दोन दिवस आम्ही मायलेकी एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी येऊन बसली.

"आये, मी पंधरा दिवस रवतंय. मगे तू ये, आठ दिवस रव, सगळा बघ. तुका नाय पटला तर तुझ्यावांगडा परत येतंय. पण पिक्चर बघून ठरवू नको."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांनी मी निघाले ती तिला परत आणायलाच. तिचं सामान भरायला एक रिकामी बॅगही बरोबर घेतली.

मी पोचले आणि दुसऱ्याच दिवसापासून तिची कामाची पाळी बदलली. पहाटे साडेपाचला जायची, दुपारी दोनला यायची. तोवर मी आणि ते समोरचं दार. त्याला बाहेर बघायचं भिंग होतं. मी कचरा ठेवायला गेले की ते दार बोटभर उघडे, आत चष्मा चमके, आणि परत बंद. एकदा चपलांचा आवाज माझ्या दाराशी येऊन थांबला. बेल वाजली. मी काय करावं? पिक्चरमधली शहाणी बाई जे करते ते केलं. पंखा बंद केला आणि श्वास रोखून दाराआड उभी राहिले. चपला परत गेल्या. मी खिडक्यांच्याही कड्या लावून टाकल्या. मुलगी आल्यावर म्हणाली, "नवव्या माळ्यार खिडकेतसून कोण येतला गो?"

पाचव्या दिवशी तिला पेज हवी होती. उकडे तांदूळ मी गावाहून नेलेच होते, आणि पेजेला सुका बांगडा नसेल तर ती पेज कसली! दोन बांगडे गॅसवर धरून भाजले आणि तव्यात ठेवले. आमच्याकडे तो वास माडांतून निघून जातो, शेजारीण फार तर ताट घेऊन येते. इथे खिडक्या मीच बंद केलेल्या. वासाला वाट उरली ती दाराखालच्या फटीची.

थोड्या वेळात बेल वाजली, मग दारावर थापा. बाहेर तीन-चार जणांचे आवाज. उघडावंच लागलं. वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांच्या पुढे नाकाला पदर लावलेली, चष्मेवाली, साठीची बाई. समोरच्या दारातली तीच.

"ती मुलगी कुठे आहे?" तिने विचारलं.

"कामावर गेलीय. तुम्ही कोण विचारणार?"

"चार दिवस ती दिसली नाही. मी बेल वाजवली तेव्हा आत कोणीतरी होतं, पण दार उघडलं नाही. खिडक्या सगळ्या बंद. आणि आता हा वास."

सगळे माझ्या खांद्यावरून आत बघायला लागले. मला समजायला जरा वेळ लागला. जिने उभ्या आयुष्यात कोंबडीसुद्धा नवऱ्याकडून मारून घेतली, तिच्यावर खुनाचा संशय! माझं डोकं सटकलं. तरातरा आत गेले, तवा उचलून आणला आणि तिच्या नाकासमोर धरला.

"हे घ्या मुडदे. दोन आहेत."

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आमची कन्या बाहेर आली.

"आये, काय केलंस गो ह्या?"

मला वाटलं, आता ही बाई भांडणार. ती मुलीकडे गेली, तिचे दोन्ही दंड धरले, वरपासून खालपर्यंत तिला बघितलं. "बरी आहेस ना गं? मला वाटलं..." एवढं म्हणून ती चपलांच्या स्टँडवर बसली आणि रडायलाच लागली.

बाकीचे पांगल्यावर तिला आत घेतलं. आधी तिने स्वतः सगळ्या खिडक्या उघडल्या, मग पदर नाकाशी धरूनच चहा प्यायली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, घरात एकटी. आणि बघते काय, तर तेच फ्लॅटचे पिक्चर. तिचं मत चौथंच. "ते बघितले म्हणून तर माझं या दाराकडे लक्ष गेलं. ही आली त्या दिवसापासून संध्याकाळी मी भिंगामागे उभी असते. हिची किल्ली फिरली की मी कुकर लावते." दुपारी दोनला मात्र ती झोपलेली असायची, म्हणून चार दिवस मुलगी दिसली नाही. मुलीशी कधी बोलला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाली, "इथे उगाच कोणी कोणाचं दार वाजवत नाही."

ज्या दाराला मी इतकी भ्याले, त्याच्याआड ही बाई माझ्याच मुलीची वाट बघत उभी होती. मला लाज वाटली, आणि इतकं बरं वाटलं की रडू आवरेना. मग आम्ही दोघी रडत बसलो आणि मुलगी एकटी पेज जेवली.

आठव्या दिवशी मी निघाले. आमच्याकडे घर बंद करून गावाला जाताना किल्ली शेजारी देतात, त्याला विचारावं लागत नाही. मी फ्लॅटची दुसरी किल्ली समोर नेऊन दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली. मुलगी मिश्कीलपणे म्हणाली, "बॅग रिकामीच नेतंस?" रिकामी नको म्हणून बाईने त्यात बाकरवडीचे दोन पुडे टाकले, एक टीचरांसाठी.

घरी सगळं ऐकल्यावर आमचे हे मिशीत हसले. "माका काय नवीन सांगतंस? मी कधीपासून सांगतंय, शेजारीण व्हयी." टीचर म्हणाल्या, बेल वाजली तेव्हाच बोलली असतीस तर? फ्लॅट वाईटच, या माझ्या मताला मी अजून चिकटून आहे, पण आता जरा कमी जोरात बोलते.

दुपारचे पिक्चर चालूच आहेत. मुलीची सकाळची पाळी असली की ती समोरची बाई दुपारची झोप पुढे ढकलते. दोन वाजत आले की माझं लक्ष टीव्हीवर राहत नाही. टीचर पिक्चर थांबवून ठेवतात. मग फोन वाजतो, पुण्याहून एका शब्दाचा निरोप येतो, "आली." टीचर पिक्चर पुढे चालू करतात.