बिनवासाचे सरंगे

आमचे हे मुंबईला विजेच्या कामावर होते. शिमग्याला तेवढे दिसायचे. एका वर्षी मात्र कायमचे म्हणून रत्नागिरीला आले आणि सोबत एक लाकडी पेटी आणली. आत काचेच्या नळ्या होत्या. मोटारीची बॅटरी जोडली की त्या जांभळ्या दिसायच्या आणि घरभर वीज कडाडून गेल्यावर येतो तसा वास सुटायचा. त्याला म्हणे ओझोन म्हणतात. त्या हवेत मासळी ठेवली की तिच्यावरचे जंतू मरतात आणि मासळी टिकते.

सासूबाई बाजारात मासळी विकायच्या. त्यांनी विचारलं, जंतू आहेत कुठे? दिसत नाहीत, हे म्हणाले. मग मेले ते कसं कळतं, हे काही सासूबाईंनी विचारलं नाही. पेटीवर धंदा उभा राहिला तर राहीन, नाहीतर मुंबईची बोट आहेच, असं लेकाने आल्या दिवशीच बजावलं होतं. त्यामुळे पेटी म्हणेल ते खरं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी पहाटेचे सरंगे, म्हणजे पापलेट, पेटीतून काढून बाजारात नेले. वर्षानुवर्षं सासूबाईंच्या शब्दावर घेणाऱ्या बायकांनी त्या दिवशी कल्ले उचकटून पाहिले, नाक जवळ नेलं आणि मागे सरल्या. मासळीला मासळीचा वास नाही म्हणजे काय? एकीने तर ह्यावर वीज पडली असं सांगून टाकलं. वीज पडलेले सरंगे कोण चुलीवर चढवणार? टोपली जशीच्या तशी परत आली. आम्ही दोन्ही वेळा सरंगेच जेवलो. चव उत्तम होती. मांजराने तेवढं तोंड फिरवलं. ह्यांनी पडेल चेहऱ्याने बोट कधी आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी टोपली रिकामी आली. तिसऱ्या दिवशीही. हे दारात येईल त्याला जंतू समजावून सांगू लागले. मला मात्र पटेना. त्या बायका एका रात्रीत शहाण्या होणाऱ्यातल्या नव्हेत. म्हणून मी सासूबाईंच्या मागोमाग गेले. बाजाराच्या भिंतीआड त्यांनी टोपली उतरवली, शेजारच्या कोळणीकडून कालचे बांगडे धुतलेलं वासाचं पाणी तांब्याभर घेतलं आणि तीर्थ शिंपडावं तसं सरंग्यांवर शिंपडलं.

मला हसू आवरेना. लेकाला सांगत का नाही, मी विचारलं.

"सांगितलं तर तो बोटीत बसंल. जंतूंचं काय गो, ते कुठं जात नाय," त्या म्हणाल्या. माझं हसू तिथंच थांबलं.

पुढे एकदा त्या पानाची चंची घरी विसरल्या. ती द्यायला हे पाठोपाठ गेले आणि सगळं पाहून आले. आल्या आल्या पेटीची बॅटरी सोडवून ठेवली. मला दोघांचाही राग आला होता आणि आता बोट येणार म्हणून रडूही येत होतं.

सकाळी मात्र पेटी नेहमीसारखी गुणगुणली. ह्यांनी टोपली आईच्या डोक्यावर दिली. मग केळीच्या पानाने झाकलेला तांब्या तिच्या हातात ठेवला.

"आये, बांगड्यांचं पाणी. जरा जास्तच मुरलंय, बेतानं शिंपड."